दुर्बिणीतून दूरस्थ ज्योतींचे दर्शन : जबलपूरच्या आकाशातील एक रात्र

चंद्र किंवा शनी दुर्बिणीतून प्रथमच पाहणारा मनुष्य चकित होतो. दीर्घिका किंवा तेजोमेघ प्रथमच पाहणारा बहुधा निराश होतो. चंद्रावरील विवरे आणि शनीचे कडे यांची वर्णने त्याने वाचलेली असतात व दुर्बीण त्या वर्णनांची साक्ष तत्काळ पटविते. देवयानी दीर्घिकेची गोष्ट वेगळी. पुस्तकांत छापलेल्या छायाचित्रांतील तिचे निळे-तांबूस बाहू मनात धरून जो विद्यार्थी दुर्बिणीपाशी येतो, त्याला नेत्रिकेत राखी रंगाचा एक लांबट, धुरकट डाग तेवढा दिसतो. दुर्बीण लहान आहे म्हणूनच असे घडले, असे तो समजतो.

ही समजूत बरीचशी चुकीची आहे. अंधुक ज्योती पाहण्यास तीन गोष्टी लागतात : आकाशाचा अंधार, डोळ्यांची तयारी आणि दुर्बीण. यांपैकी दुर्बीण विकत मिळते, म्हणून तिचा विचार प्रथम होतो. परंतु महत्त्वाच्या दृष्टीने तिचा क्रम शेवटचा आहे. हे कसे, ते या पुस्तिकेत जबलपूर येथील हिवाळ्यातील एका रात्रीच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

दूरस्थ ज्योती म्हणजे काय?

चंद्र, ग्रह व धूमकेतू हे सूर्यमालेतील घटक होत. त्यांच्या पलीकडे, सुट्या ताऱ्यांखेरीज, दुर्बिणीस दिसणाऱ्या वस्तूंचे मुख्यतः तीन वर्ग आहेत. एकाच वेळी जन्मलेल्या व एकत्र प्रवास करणाऱ्या ताऱ्यांच्या समूहास तारकागुच्छ म्हणतात. त्यांपैकी काही विरळ असतात, तर काही लाखो ताऱ्यांनी चेंडूसारखे गच्च भरलेले असतात. ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या वायूच्या व धुळीच्या ढगांस तेजोमेघ म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असलेल्या, तिच्यासारख्याच अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांस दीर्घिका म्हणतात. या सर्वांना आपण सोयीसाठी ‘दूरस्थ ज्योती’ असे नाव देऊ.

अशा ज्योतींची सर्वांत प्रसिद्ध सूची चार्ल्स मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने पॅरिस येथे तयार केली. तो धूमकेतूंचा शोध घेत असे. लहान दुर्बिणीत तेजोमेघ आणि धूमकेतू सारखेच धुरकट दिसतात. मात्र धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो, तेजोमेघ जागचा हलत नाही. ही फसगत टळावी म्हणून त्याने अशा स्थिर डागांची नोंद ठेवली. तिचा पहिला भाग १७७४ साली आणि शेवटचा १७८१ साली प्रसिद्ध झाला. आज या सूचीत ११० ज्योती गणल्या जातात. ज्या वस्तू मेसिएच्या मते धूमकेतूच्या शोधातील अडथळा होत्या, त्याच पाहण्यासाठी आज जगभरचे हौशी निरीक्षक रात्री जागवितात.

जबलपूरचे आकाश

जबलपूर शहर उत्तर अक्षांश २३ अंश १० कला येथे वसले आहे. कर्कवृत्त शहराच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवरून जाते. एखाद्या स्थळी ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, ते त्या स्थळाच्या अक्षांशावरून ठरते. म्हणून जबलपूरला ध्रुव सुमारे २३ अंश उंच दिसतो. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली असता ती सुमारे १० अंश व्यापते. या मापाने ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा वर असतो.

याच नियमाची दुसरी बाजू निरीक्षकास अधिक उपयोगी आहे. आकाशातील विषुववृत्तापासून ताऱ्याचे जे अंतर, त्यास क्रांती म्हणतात. ज्या ताऱ्याची क्रांती स्थळाच्या अक्षांशाइतकी असेल, तो तेथे बरोबर डोक्यावरून जातो. कृत्तिकांची क्रांती उत्तर २४ अंश, वृषभ राशीतील मेसिए १ या तेजोमेघाची २२ अंश आणि मिथुन राशीतील मेसिए ३५ या तारकागुच्छाची २४ अंशांहून किंचित अधिक आहे. म्हणजे हे तिन्ही जबलपूरच्या खस्वस्तिकापासून एक-सव्वा अंशाच्या आत येऊन जातात. डोक्यावरील ज्योतीचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येतो. यापेक्षा चांगली स्थिती कोणत्याही वेधशाळेस मिळत नाही.

दक्षिणेकडेही जबलपूरचा निरीक्षक मेसिएपेक्षा भाग्यवान आहे. मृग नक्षत्रातील महातेजोमेघ पॅरिसहून जास्तीत जास्त ३६ अंश उंच येतो. जबलपूरला तो ६१ अंशांवर चढतो. अगस्त्याचा तारा पॅरिसला कधीच उगवत नाही. जबलपूरला तो दक्षिण क्षितिजावर १४ अंश, म्हणजे दीड मुठीपर्यंत वर येतो. नरतुरंगातील ओमेगा हा आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ मेसिएच्या सूचीत नाही, त्याचे कारणही हेच : तो पॅरिसच्या क्षितिजावर येतच नाही. जबलपूरला तो १९ अंश उंच येतो.

जागा निवडताना दिशेचा विचार करावा. शहराच्या दक्षिणेस, नर्मदेवरील बरगी जलाशयाच्या बाजूस गेल्यास शहराच्या दिव्यांची उजळी उत्तरेकडे राहते आणि दक्षिणेकडील आकाश, जेथे ज्योती मुळातच खाली असतात, काळेभोर मिळते. मात्र अगदी पाण्याच्या काठी बसू नये. हिवाळ्यात पहाटे तेथे धुके उतरते व भिंगांवर दव जमते. थोडा उंचवटा पाहून तेथे मांडणी करावी. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत हवा धुऊन स्वच्छ झालेली असते. जानेवारीत रात्र मोठी असते, परंतु धूर व धुके खाली साचण्याचा संभव असतो. म्हणून त्या महिन्यात वारा वाहून गेल्यानंतरची कोरडी रात्र निवडावी. अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवसच खरे उपयोगाचे. पौर्णिमेच्या चांदण्यात भेडाघाटचे संगमरवरी खडक सुंदर दिसतात, पण दीर्घिका दिसत नाहीत.

दुर्बीण काय करते आणि काय करीत नाही

शाळेस किंवा हौशी मंडळास परवडणारी दुर्बीण म्हणजे १५ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची परावर्तक दुर्बीण. तिचे नाभीय अंतर १२० सेंटिमीटर मानू. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. आरशाचे क्षेत्रफळ अशा बाहुलीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४६० पट भरते. म्हणजे दुर्बीण नुसत्या डोळ्याच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करते.

ताऱ्यांच्या बाबतीत हा लाभ पूर्णपणे पदरात पडतो. तारा कितीही मोठा केला तरी बिंदूच राहतो; सर्व प्रकाश त्या एका बिंदूत एकवटतो आणि नुसत्या डोळ्यांस न दिसणारे हजारो तारे उजळून निघतात. विस्तृत ज्योतींची गोष्ट निराळी. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली असता विशालन ४८ पट होते. लांबी ४८ पट आणि रुंदीही ४८ पट वाढल्यामुळे प्रतिमेचे क्षेत्रफळ सुमारे २,३०० पट वाढते. गोळा झालेला प्रकाश ४६० पट, पण तो पसरला २,३०० पट जागेवर. म्हणजे तेजोमेघाचा प्रत्येक भाग नुसत्या डोळ्यास जितका तेजस्वी दिसला असता, त्याच्या एक-पंचमांशच तेजस्वी दिसतो. विशालन कमी केले तर हे प्रमाण सुधारते. परंतु कोणत्याही दुर्बिणीतून विस्तृत ज्योतीची पृष्ठदीप्ती नुसत्या डोळ्याने दिसणाऱ्या दीप्तीहून अधिक होऊ शकत नाही. आरसा कितीही मोठा केला तरी हा नियम बदलत नाही.

मग दुर्बिणीचा उपयोग काय? काळोख्या रात्री अंगणात वाळत घातलेले पांढरे धोतर दुरून दिसते, पण त्याच कापडाची चिंधी जमिनीवर पडलेली असेल तर दिसत नाही. दोहोंची दीप्ती सारखीच. फरक आकाराचा आहे. अंधुक वस्तू जितकी मोठी दिसेल, तितकी ती डोळ्यास ओळखता येते. दुर्बीण चिंधीचे धोतर करते. मात्र जमीनही तितकीच पांढुरकी असेल, तर धोतरदेखील दिसणार नाही. दुर्बीण ज्योती आणि तिच्यामागील आकाश या दोहोंना सारख्याच न्यायाने वागविते. दिव्यांनी उजळलेले आकाशही ती तितकेच मोठे करून दाखविते. गमावलेला अंधार मोठा आरसा घेऊन भरून काढता येत नाही, तो यामुळे.

डोळ्यांची तयारी

डोळ्याच्या दृक्पटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख असून त्या उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशींची संख्या दहा कोटींच्या आसपास असून त्या अंधारात काम करतात, पण त्यांना रंगाचे ज्ञान नसते. तेजोमेघ राखी दिसतो तो याच कारणाने. रंग तेथे नाहीत असे नव्हे. इतक्या मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या पेशी निष्क्रिय असतात. छायाचित्राची काच किंवा आजचे विद्युत्-ग्राहक तासन्‌तास प्रकाश साठवू शकतात. डोळ्यास तसे करता येत नाही.

दंडपेशींमधील ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य उजेडात विघटित होते व अंधारात पुन्हा तयार होते. ते पुरेसे तयार होण्यास ३० ते ४० मिनिटे लागतात. या अवधीत डोळ्यांची संवेदनशीलता हजारो पटींनी वाढते. मात्र मोटारीच्या दिव्याचा किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्याचा एकच झोत ही सारी कमाई क्षणात घालवितो. गडद तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर फारच थोडा परिणाम होतो. म्हणून नकाशा पाहण्यासाठी बॅटरीच्या काचेवर तांबडा कागद दुहेरी गुंडाळावा.

दुसरी गोष्ट पाहण्याच्या रीतीची. दृक्पटलाच्या मध्यबिंदूवर दंडपेशी मुळीच नसतात. त्या सभोवती असतात. म्हणून अंधुक ज्योतीकडे सरळ पाहिले की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूस पाहिले की पुन्हा प्रकट होते. उजव्या डोळ्याने पाहताना नजर ज्योतीच्या उजवीकडे आणि डाव्या डोळ्याने पाहताना डावीकडे ठेवावी. म्हणजे तिची प्रतिमा अंधबिंदूवर पडत नाही. या तिरप्या नजरेस सराव लागतो. नवशिक्यास ‘येथे काहीच नाही’ असे वाटते, तेथेच अनुभवी निरीक्षक त्याच दुर्बिणीतून दोन दीर्घिका दाखवितो. उभे राहून वाकून पाहण्यापेक्षा स्टुलावर बसून, श्वास रोखून न धरता, एका ज्योतीस निदान दहा मिनिटे द्यावीत.

रात्रीचा क्रम

जानेवारीच्या मध्यास जबलपूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातनंतर आकाश पूर्ण काळे होते. दुर्बीण सूर्यास्ताबरोबरच बाहेर मांडावी. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत नळीतील गरम हवा प्रतिमा हालविते.

सव्वासातच्या सुमारास वायव्येकडे, सुमारे ६० अंशांवर देवयानी दीर्घिका असते. अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इराणी ज्योतिर्विद अल्-सूफी याने इसवी सन ९६४ च्या सुमारास ‘लहानसा ढग’ म्हणून तिचा उल्लेख केला आहे. ४८ पट विशालनात दृष्टिक्षेत्र सुमारे एक अंशाचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुप्पट असते. दीर्घिका मात्र तीन अंश लांब आहे. म्हणून नेत्रिकेत तिचा तेजस्वी गाभा व त्याभोवतीची धूसर छटा एवढाच भाग मावतो. दुर्बीण हळूहळू दोन्ही बाजूंस सरकविली की ती छटा किती दूर पोहोचते ते कळते. ही वस्तू आपल्या आकाशगंगेबाहेरील आहे, हे १९२३ साली एडविन हबल याने तिच्यातील एक रूपविकारी तारा ओळखल्यानंतर सिद्ध झाले. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. नेत्रिकेत शिरणारा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजचा मानव अवतरलेला नव्हता.

साडेआठच्या सुमारास कृत्तिका डोक्यावर येतात. हा गुच्छ इतका पसरट आहे की मुख्य दुर्बिणीपेक्षा तिच्यावर बसविलेल्या शोधक दुर्बिणीतच तो अधिक शोभतो. त्याचे अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे आहे. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश, १५६४ साली जबलपूरच्या परिसरात राणी दुर्गावतीस वीरमरण आल्यानंतर सुमारे दोन दशकांनी निघाला. येथे एक व्यावहारिक सूचना करणे अवश्य आहे. साध्या बैठकीवरील दुर्बीण बरोबर डोक्यावर रोखणे कठीण जाते. थोडे सरकविण्यासाठी सारी बैठक फिरवावी लागते. म्हणून खस्वस्तिकातून जाणाऱ्या ज्योती तेथे पोहोचण्यापूर्वी किंवा नंतर एक तासाने पाहाव्यात.

दहाच्या सुमारास मृगातील महातेजोमेघ मध्यान्हवृत्तावर येतो. हिवाळ्याच्या रात्रीतील हा सर्वांत समृद्ध देखावा होय. मध्यभागी चार ताऱ्यांची लहानशी चौकट आणि तिच्याभोवती पक्ष्याच्या उघडलेल्या पंखांसारखे प्रकाशाचे पडदे दिसतात. त्या चौकटीतील तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी वायू प्रकाशमान होतो. हे अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षांचे; हा प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

या तेजोमेघात पुष्कळांना फिकट हिरवी छटा जाणवते. तिच्यामागे एक इतिहास आहे आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. ती उल्कांमधील मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अंश असावी, असे नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाचे मत होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत या रेषेचे वेध घेतले व १८९१ साली ते प्रसिद्ध केले. ही रेषा पट्ट्यासारखी पसरट नसून सर्व परिस्थितीत तीक्ष्णच दिसते, असे त्यांना आढळले. तिचे खरे मूळ १९२७ साली आयरा बोवेन याने उलगडले : अत्यंत विरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनपासून ती उत्पन्न होते. तिची तरंगलांबी सुमारे ५०१ नॅनोमीटर आहे. आणि अंधारास सरावलेला डोळा ज्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो, त्याची तरंगलांबीही याच्याच जवळची आहे. हा तेजोमेघ नवशिक्यासही निराश करीत नाही, त्याचे एक कारण हे होय.

याउलट मेसिए १ हा तेजोमेघ संयमाची परीक्षा घेतो. वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी तो एका अंधुक, लंबवर्तुळाकार डागासारखा दिसतो. तिरप्या नजरेवाचून तो पुष्कळदा हाती लागत नाही. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी या जागी एक नवा तारा पाहिला. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. त्या वेळी जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे कलचुरी राजा कर्ण राज्य करीत होता आणि तो तारा त्रिपुरीच्याही डोक्यावरून जात होता. स्फोट पावलेल्या त्या ताऱ्याचे अवशेष म्हणजेच हा डाग. त्याच्या मध्याशी एका सेकंदात सुमारे ३० वेळा फिरणारा अत्यंत घन तारा आहे, हे १९६८ साली कळले. नेत्रिकेतील डाग तोच राहतो. परंतु हे ज्ञान असलेल्या निरीक्षकास तो पाहण्याचा कंटाळा येत नाही.

अकराच्या सुमारास मिथुनेतील मेसिए ३५ हा तारकागुच्छ पाहावा. त्याचे तारे सुटे सुटे चमकतात. त्याच्या नैर्ऋत्येस, दृष्टिक्षेत्राच्या कडेला, एक धुरकट ठिपका दिसतो. तोही तारकागुच्छच, पण सुमारे चौपट दूर असलेला. जवळचे व दूरचे यांतील भेद एकाच दृष्टिक्षेत्रात इतका स्पष्ट दाखविणाऱ्या जागा थोड्याच. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास कर्क राशीतील पुष्य नक्षत्राचा गुच्छ माथ्याजवळ येतो. पहाटे चारच्या सुमारास सिंह राशीतील मेसिए ६५ व ६६ या दोन दीर्घिका एकाच दृष्टिक्षेत्रात दिसतात. त्यांचा प्रकाश तीन कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आलेला असतो, आणि दिसतात ते दोन पुसट, लांबट डाग.

पाच-साडेपाचच्या दरम्यान, पहाट फुटण्यापूर्वी, दुर्बीण दक्षिण क्षितिजाकडे वळवावी. तेथे नरतुरंगातील ओमेगा असतो. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅली याने १६७७ साली त्याचे धुरकट स्वरूप ओळखले. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरील या गुच्छात एक कोटीच्या आसपास तारे आहेत. जबलपूरहून त्याचा प्रकाश माथ्यावरील प्रकाशाच्या तिप्पट जाडीच्या हवेतून येतो. तरीही १२० पट विशालनात त्याची कड कणीदार दिसू लागते.

निरीक्षणाची नोंद

पाहिलेले लिहून ठेवल्याशिवाय निरीक्षण पुरे होत नाही. तारीख, वेळ, स्थळ, आकाशाची स्थिती, दुर्बिणीचा व्यास, विशालन आणि प्रत्यक्ष दिसलेले स्वरूप एवढे टिपावे. त्याबरोबर पेन्सिलीने रेखाचित्र काढावे. कागदावर एक वर्तुळ आखून प्रथम ठळक तारे, मग धूसर भाग बोटाने छाया पसरून दाखवावा. चित्र काढताना डोळा प्रश्न विचारू लागतो : कड कोठे संपते, कोणती बाजू अधिक उजळ आहे? या प्रश्नांनीच अधिक दिसू लागते. तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर याने १८८० साली घेतले. परंतु दीर्घिकेचा सर्पिल आकार त्यापूर्वी ३५ वर्षे, १८४५ साली, लॉर्ड रॉस याने आयर्लंडमध्ये डोळा व पेन्सिल यांच्याच साहाय्याने ओळखला होता. छायाचित्रात असलेले, पण आपणांस न दिसलेले काहीही नोंदीत येऊ देऊ नये.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा मंडळाने करणे चांगले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातील हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. अशा संस्थांतून नवशिक्यास दुर्बिणीपेक्षाही मौल्यवान गोष्ट मिळते : शेजारी उभे राहून ‘आता किंचित डावीकडे पाहा’ असे सांगणारा अनुभवी मनुष्य.

अंधाराचे मोल

खऱ्या अंधाऱ्या स्थळी सहाव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे एका वेळी सुमारे अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांस दिसू शकतात. शहराच्या उजळीत मर्यादा चौथ्या प्रतीवर आली की ही संख्या अडीचशेवर येते. अडीच हजारांतील सव्वादोन हजार तारे नाहीसे होतात, आणि त्यांच्या कितीतरी आधी दीर्घिका नाहीशा होतात. हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या हजारो नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी बहुतेक नोंदी युरोप व उत्तर अमेरिकेतील होत्या; त्यांवरून आकाशाची उजळी दर वर्षी सरासरी ९ ते १० टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसून आले. या गतीने ती आठ वर्षांच्या आत दुप्पट होते. ज्या वर्षी बालक जन्मले त्या वर्षी दिसणारे आकाश, ते शाळेत तिसरीत जाईपर्यंत उरत नाही.

सुदैवाने ही हानी परतविता येण्याजोगी आहे. नदीचे पाणी दूषित झाल्यास ते शुद्ध होण्यास वर्षे लागतात. वर जाणारा दिव्याचा प्रकाश अडविला तर आकाश त्याच रात्री काळे होते. जबलपूर-नागपूर मार्गालगतच्या वनप्रदेशातच याचे उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधाराकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून, प्रकाश केवळ जमिनीकडे टाकणारे बसविण्यात आले. गावांतील रस्ते अंधारात गेले नाहीत. फक्त आकाशाकडे वाया जाणारा प्रकाश थांबला.

शाळांना व ग्रंथालयांना हे काम आपल्या अंगणापासून आरंभिता येईल. आपल्या इमारतीवरील कोणते दिवे आडव्या किंवा वरच्या दिशेस प्रकाश टाकतात, याची पाहणी विद्यार्थ्यांनी करावी. त्यांवर पत्र्याची छत्री बसविता येते, पांढऱ्या-निळसर दिव्यांऐवजी पिवळसर दिवे लावता येतात, आणि नको त्या वेळी ते मालविता येतात. अमावास्येच्या सुमारास कृत्तिकांतील किती तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, याची नोंद दर वर्षी एकाच जागेवरून ठेवावी. त्यास दुर्बीण लागत नाही, खर्च येत नाही. आणि दहा वर्षांनी ती वही त्या गावच्या आकाशाचा विश्वसनीय इतिहास ठरते.

देवयानीचा तो राखी डाग पाहण्यासाठी २५ लाख वर्षे चाललेला प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येऊन पोहोचतोच. अखेरच्या काही किलोमीटरांत तो रस्त्यावरील दिव्याच्या उजळीत हरवू न देणे, एवढेच आपल्या हाती आहे.